जखमी कोंबडीची शुश्रूषा : पहिल्या तासापासून पुन्हा खुराड्यापर्यंत



आजच्या विषयाचं नाव फळ्यावर वाचून मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले, ते आम्ही पाहिलं. हसायला आमची हरकत नाही. खेड्यात कोंबडी जखमी झाली तर काय करायचं, याचं उत्तर ठरलेलं असतं. जीव आहे तोवर सुरी फिरवा, नाहीतर मांसही हातचं जाईल. या उत्तरात क्रूरपणा नाही, हिशोब आहे. पण तो हिशोब दरवेळी बरोबरच असतो का, आणि वेगळं उत्तर द्यायचं ठरवलं तर हाताने नेमकं काय करायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

आम्ही उंद्रीचे. बुलढाणा जिल्ह्यातला चिखली तालुका, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख. आमच्या घरी सात-आठ गावरान कोंबड्या असतात. त्यांतली एक काबरी, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची. एका दुपारी बाहेरच्या कुत्र्याने तिला पाठीवर धरलं. आम्ही ओरडत धावलो, कुत्र्याने सोडलं, पण तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती आणि पंखाखाली दातांची दोन भोकं होती. तिच्या मागे तीन आठवड्यांची आठ पिल्लं. शेजाऱ्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं, आजच रस्सा करून टाका. आम्ही तसं केलं नाही. का केलं नाही, ते शेवटी सांगू. आधी काय केलं ते.

पहिला तास

आपला पहिला ओढा जखमेकडे जातो. हळद आण, पाणी आण, चार जण भोवती. कोंबडीला मात्र त्या वेळी जखमेइतकाच धोका धक्क्याचा असतो. पक्षी हा शिकार होणारा जीव. माणसाचा हात, पोरांचा गलका, उजेड हे सगळं तिच्या लेखी दुसरा कुत्राच. म्हणून पहिलं काम, तिला शांत, अंधाऱ्या आणि उबदार जागी ठेवणं. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात जुनं सुती कापड, वरून अर्धवट झाकण. डालगं असेल तर त्यावर गोणपाट टाकलं तरी चालतं.

ऊब कशासाठी? कोंबडीच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, ४१ ते ४२ अंश सेल्सियस. धक्का बसलेली, रक्त गेलेली कोंबडी ते टिकवू शकत नाही. खोक्याच्या एका बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, किंवा ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब थोड्या अंतरावर लावा. एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर तिला दुसरीकडे सरकता येतं. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागली तर ऊब जास्त झाली असं समजा. वैशाखात आपल्याकडे बल्बची गरजच नसते, तेव्हा सावली आणि वारा पाहावा.

रक्त वाहत असेल तर मात्र थांबायचं नाही. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळं मिळून साधारण शंभर मिलिलिटर रक्त असतं, चहाचा एक कप म्हणा. आपल्याला किरकोळ वाटणारी धार तिच्यासाठी किरकोळ नसते. स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर पाच मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. नखी किंवा चोचीचं टोक तुटून रक्त येत असेल तर चिमूटभर मैदा किंवा कणीक दाबली तरी थांबतं. पण हा उपाय टोकापुरता. खोल जखमेत पीठ भरायचं नाही.

आणि धरताना एक गोष्ट विसरायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड वर-खाली होतं तेव्हाच हवा आत-बाहेर जाते. घाबरून आपण तिला छातीशी आवळून धरलं, तर वरवर ती शांत झाल्यासारखी वाटेल, प्रत्यक्षात तिचा श्वास कोंडलेला असेल. पंख अंगाशी मिटवून टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, छाती मोकळी ठेवा.

जखम धुताना

काबरीला आम्ही तासभर तसंच राहू दिलं. मग दोघं जण बसलो, एकाने धरायचं, एकाने धुवायचं.

पाणी साधंच. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात एक सपाट चमचा मीठ, आणि कोमट होऊ द्यायचं. सुई काढलेल्या सिरिंजने त्याची धार जखमेवर सोडायची, आतली माती आणि पिसं निघेपर्यंत. जखमेच्या कडेची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. कोंबडीची कातडी कागदासारखी पातळ असते, उपटताना आणखी फाटते. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे ते तपकिरी औषध, पाण्यात फिकट चहाच्या रंगाएवढं पातळ करून लावायचं. पंखाच्या वरच्या हाडापाशी उघडी मोडतोड असेल तर मात्र तिथे पाण्याची धार सोडू नका. पक्ष्याचं ते हाड पोकळ असून श्वासाच्या हवेच्या पिशव्यांशी जोडलेलं असतं. तिथलं पाणी थेट श्वासात जाऊ शकतं.

आता हळदीचं. हळद आपण सगळेच लावतो, आणि तिचे गुण आम्ही नाकारत नाही. अडचण भुकटीची आहे. न धुतलेल्या जखमेवर भुकटी टाकली की वर पापुद्रा धरतो आणि घाण आत राहते. आधी धुणं महत्त्वाचं. रॉकेल, फिनेल, गाडीचं जळकं तेल, डांबराच्या गोळ्यांची पूड हे सगळे प्रकार गुरांच्या जखमेसाठी वापरलेले आम्ही पाहिलेत. कोंबडीला ते लावू नका. जखमेतून आत जातं, चोचीने पोटात जातं.

दातांच्या भोकांकडे नीट लक्ष द्या. सोललेली पाठ भयंकर दिसते, पण ती वरवरची असते आणि बहुधा भरून येते. भोक लहान दिसतं, आत मात्र दाताने जंतू खोलवर नेऊन ठेवलेले असतात. मांजराने धरलं असेल तर आणखी घाई करा. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू राहतो. कोंबड्यांच्या पटकीला, म्हणजे फाऊल कॉलराला, कारण होतो तो हाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लुई पाश्चर यांनी याच रोगावर काम करताना लसीचं तत्त्व पुढे नेलं, म्हणून जंतूला त्यांचं नाव. तेव्हा मांजराचा चावा म्हटलं की त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा.

चाव्यानंतर कधी कधी कातडी फुग्यासारखी फुगते, दाबलं की चुरचुर आवाज येतो. ती सूज नसते. हवेची पिशवी फाटून हवा कातडीखाली साचलेली असते. थोडी असेल तर आपोआप जिरते, वाढत असेल तर डॉक्टर ती काढतात. घरी सुई टोचू नये.

पुढचे दिवस जखमेकडे रोज बघायचं, ते दोन कारणांसाठी. एक माशी. पावसाळ्यात माशीने अंडी घातली की एका दिवसात अळ्या होतात, म्हणून कोंबडी घरात किंवा मच्छरदाणीखाली ठेवा. अळ्या दिसल्याच तर चिमट्याने एकेक वेचा, मिठाच्या पाण्याने पुन्हा धुवा आणि दवाखाना गाठा. दुसरं कारण पू. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही. तिच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारा घटक नसतो, त्यामुळे तो पनीरसारखा घट्ट गोळा होऊन बसतो. "पू येत नाही म्हणजे जखम चांगली आहे" हे माणसाचं गणित इथे लागू पडत नाही. जखमेखाली पिवळट टणक गोळा लागला तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो.

पाणी आधी, दाणा नंतर

आमच्याकडून पहिली चूक इथे झाली. काबरी काही खात नाही म्हणून घाबरून आम्ही तिची चोच उघडली आणि चमच्याने पाणी ओतलं. ती ठसकली, मान झटकली. नशीब, निभावलं.

चोच उघडून बघितलीत तर जिभेच्या बुडाशी एक उघडझाप करणारी फट दिसते. ती श्वासनळी. तिच्यावर आपल्यासारखं झाकण नसतं. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून पाणी चोचीच्या कडेवर थेंबाथेंबाने लावायचं. ती स्वतः चोच हलवून गिळते, मग पुढचा थेंब. पहिल्या दिवशी क्षारसंजीवनी चालते. घरी करायची तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

श्वासनळी आणि अन्ननळी यांचा हा मामला किती नाजूक आहे, याची एक जगप्रसिद्ध गोष्ट आहे. १० सप्टेंबर १९४५ ला अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रुटा गावी लॉइड ओल्सेन या शेतकऱ्याने कोंबडा कापला. घाव थोडा वर बसला. डोकं गेलं, पण मेंदूचा बुडखा आणि मोठी रक्तवाहिनी वाचली. तो कोंबडा, माइक त्याचं नाव, पुढे अठरा महिने जगला. ड्रॉपरने थेट अन्ननळीत दूध-पाणी आणि बारीक दाणे सोडायचे, आणि श्वासनळीतला चिकटा सिरिंजने ओढून काढायचा, हा रोजचा क्रम. १९४७ साली एका मुक्कामात नेमकी ती सिरिंज खेळाच्या जागी राहून गेली आणि तो गुदमरून मेला. त्याचं प्रदर्शन करून पैसे कमावले गेले, त्याबद्दल आम्हाला कौतुक नाही. पण कोंबडी कशावर जगते आणि कशाने मरते, ते या गोष्टीत आहे. घसा मोकळा राहिला आणि पोटात काही जात राहिलं तर ती आपल्या कल्पनेपलीकडे तग धरते.

दाणा द्यायचा तो गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून. खाल्लेलं आधी तिथे साठतं, मग पेषणीत, म्हणजे आपल्या कलेजी-पेठ्यातल्या पेठ्यात, दळलं जातं. निरोगी कोंबडीची ही पिशवी पहाटे रिकामी असते. पहाटेही ती फुगलेली, पिठाच्या गोळ्यासारखी लागली, तर वरून आणखी भरू नका, पचन थांबलेलं आहे. रिकामी असेल तर मऊ खाणं द्या. उकडलेल्या अंड्याचा बलक, ज्वारीची पातळ कण्हेरी, भिजवलेला मक्याचा भरडा. कोंबडीला अंडं कसं द्यायचं, असं घरात विचारलं गेलं. द्यायला हरकत नाही. कातडी भरून यायला प्रथिनं लागतात आणि ती अंड्यात आहेत. आपल्या भागात प्रथिनं म्हटलं की सोयाबीन आठवतं, पण कच्चं सोयाबीन देऊ नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो भाजल्या-शिजवल्यावरच जातो.

विष्ठाही बघत जा. हिरवी आणि अगदी थोडी विष्ठा म्हणजे पोटात अन्न नाही, नुसतं पित्त बाहेर येतंय. आणि किराणा तोलायच्या काट्यावर रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. पिसांमुळे कोंबडी भरलेली दिसते, आत हाडं लागलेली असतात. डोळा फसतो, काटा फसत नाही.

औषधाची गोष्ट

वेदना होत असणार म्हणून घरातली गोळी चुरून द्यावी, असं वाटतं. मंडळी, इथे थांबा. आपल्या आकाशातून गिधाडं का गेली, आठवतंय? गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक दिलं जायचं, ती गुरं मेली की गिधाडं त्यांना खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. २००४ साली हे कारण शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते इजा करतं. पक्ष्यांना देता येणारी वेदनाशामकं आहेत, मेलोक्सिकॅम त्यांतलं एक, पण ते वजनावरून मोजून पशुवैद्यच देणार. जागा बधिर करणारी माणसांची मलमंही आपल्या मनाने लावायची नाहीत.

डॉक्टर कोंबडीसाठी येतील का, हा संकोच आम्हालाही होता. गाय-म्हैस न्यावी तशी कोंबडी पिशवीत घालून दवाखान्यात न्यायला लाज वाटते. लाजू नका. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक लक्षात ठेवा. अवघड प्रकरण असेल तर आपल्याला अकोला जवळ आहे, तिथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. काबरीला प्रतिजैविक सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली. औषध सुरू असताना आणि संपल्यावर ठरावीक दिवस तिची अंडी आणि मांस खायचं नाही. किती दिवस, ते औषधावर अवलंबून, म्हणून विचारून लिहून घ्या.

मोडलेला पाय, आणि न मोडलेला

पायाचं पिसं नसलेलं, खवल्यांचं नळीसारखं हाड मोडलं असेल आणि कातडी शाबूत असेल, तर आधार बांधता येतो. बांबूची पातळ कामटी किंवा आइस्क्रीमची काडी, खाली कापसाचा थर, वरून चिकटपट्टी. बोटं गार किंवा काळपट पडली तर पट्टी आवळली गेली, लगेच सैल करा. पक्ष्यांची हाडं लवकर जुळतात, साधारण तीन आठवडे लागतात. मांडी मोडली किंवा हाड बाहेर दिसत असलं, तर घरी प्रयोग नको.

पण लंगडणारी प्रत्येक कोंबडी जखमी नसते. एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडलेली तलंग बघितली की आपण म्हणतो कुठेतरी अडकली असेल. तो बहुधा मारेक रोग असतो. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. मान पिरगळली तर म्हणतो पडली असेल, ती राणीखेत असू शकते. हा आजार १९२० च्या दशकात आपल्याकडे राणीखेतला नोंदला गेला, म्हणून ते नाव. जखम दिसत नाही, एकापेक्षा जास्त कोंबड्या मलूल आहेत, काही अचानक मेल्या, असं असेल तर शुश्रूषा बाजूला ठेवा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. जखमी कोंबडी हाताळल्यावरही हात साबणाने धुवायचेच, आणि पोरांनी तिला तोंडाजवळ घ्यायचं नाही.

पुन्हा कळपात

पाचव्या दिवशी काबरीने आपणहून दाणा टिपला. तिसऱ्या आठवड्यात पाठीवर गुलाबी कातडी धरली. आम्हाला वाटलं, झालं, सोडा बाहेर. सोडली, आणि दहा मिनिटांत दुसऱ्या कोंबड्यांनी तिची पाठ पुन्हा लाल केली. ही आमची दुसरी चूक.

कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड असते. श्येल्डेरुप-एबे या नॉर्वेच्या संशोधकाने १९२१ च्या सुमारास ती पहिल्यांदा मांडली. तीन आठवडे गैरहजर राहिलेली कोंबडी परकी ठरते, तिची जागा भरलेली असते. आणि उघडं लाल मांस दिसलं की कोंबड्या टोचतातच. म्हणून कातडी पूर्ण झाकेपर्यंत तिला वेगळं ठेवायचं, पण नजरेआड नाही. मध्ये जाळी, दोन्हीकडे दाणा-पाणी. आठवडाभराने संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्या की अंधारात तिला त्यांच्या शेजारी ठेवून द्यायचं. आम्ही पुन्हा तीन आठवडे थांबलो आणि मग तसं केलं. उपटलेली पिसं काही आठवड्यांत येतात. मधूनच तुटलेली मात्र पुढच्या पीस-गळतीपर्यंत तशीच राहतात.

केव्हा थांबायचं

एका ताईंनी विचारलंय की सगळ्याच कोंबड्या अशा वाचतात का? नाही. पाठीचा कणा मोडून दोन्ही पायांची जाणीव गेली असेल, पोट फाटून आतडं चिरलं असेल, किंवा ऊब आणि शांतता देऊनही श्वास उघड्या चोचीनेच चालला असेल, तर तिला ओढत नेण्यात माया नाही. डॉक्टर इंजेक्शन देऊन शांतपणे संपवतात. शुश्रूषा करायची की कापायची, हा निर्णय पहिल्या औषधाच्या आधी घ्यायचा. औषध दिलेली कोंबडी मेली तर ती खायची नाही, कुत्र्यापुढे टाकायची नाही, उकिरड्यावर फेकायची नाही. खोल खड्डा करून पुरायची. गिधाडांनी आपल्याला एवढं तर शिकवलंय.

आता ते राहिलेलं उत्तर. आम्ही काबरीला त्या दिवशी का कापलं नाही? खरं सांगायचं तर दयेपेक्षा पिल्लांमुळे. आठ पिल्लं, आईविना त्यांतली किती घारीने आणि बोक्याने ठेवली असती? हिशोबच केला आम्ही, फक्त थोडा लांबचा. पिल्लं बल्बखाली वाढवली, सहा जगली. काबरी दीड महिन्याने अंगणात परतली तेव्हा ती मोठी झाली होती. त्यांनी तिला ओळखलं नाही, तिनेही त्यांना. आमच्या घरात याचं वाईट वाटलं, त्यांना नाही. पुढे ती पुन्हा अंड्यावर आली आणि खुडूक बसली. पाठीवर अजून एक टिकलीएवढी जागा बोडकी आहे, त्यावरून ती लांबून ओळखू येते.

तिच्या औषधाचा आणि येण्या-जाण्याचा खर्च बाजारातल्या तिच्या किमतीहून जास्त झाला, हे लपवत नाही. तो तुम्ही करावा असं सांगायला आम्ही आलो नाही. पण ज्यांना करायचा आहे त्यांच्या हातून माया असूनही कोंबडी जाऊ नये. म्हणून घरी जाऊन एक खोकं, सुती कापड, सिरिंज, आयोडीनची बाटली आणि डॉक्टरांचा क्रमांक एका जागी ठेवा. कुत्रा सांगून येत नाही.